बंद दाराबाहेरची प्रार्थना: वयात आलेलं मूल खचलेलं असताना ख्रिस्ती आईवडिलांनी काय करावं

माझा थोरला दहावीला 87 टक्के मिळवून पास झाला आणि अकरावीच्या दिवाळीनंतर त्याने कॉलेजला जाणंच सोडलं. आधी पोट दुखतं म्हणाला, मग डोकं, मग काहीच म्हणेना. रात्रभर जागायचा, दुपारी दोनला उठायचा. संडे स्कूलमध्ये बारक्या पोरांना गिटार वाजवून गाणी शिकवणारा हा मुलगा चर्चचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मार्चमध्ये एकदा कपडे भिजवताना त्याच्या शर्टाच्या बाहीला आतून रक्ताचे डाग दिसले. एवढ्या उकाड्यात हा फुल बाह्यांचे शर्ट का घालतो, ते मला त्या क्षणी कळलं.

आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. रोज रात्री शास्त्रपाठ आणि प्रार्थना झाल्याशिवाय दिवे बंद होत नाहीत. तरी त्या दिवशी बाथरूममध्ये बादलीशेजारी बसून मला प्रार्थनेचा एक शब्द सुचला नाही. त्यानंतरच्या अडीच वर्षांत आम्ही जे शिकलो, त्यातलं बरंचसं चुकून शिकलो. तुमच्या चुका कमी व्हाव्यात म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. तुमच्या घरी मुलगी असेल, त्रास वेगळा असेल, गांजा असेल, मोबाइल असेल, कुणीतरी फसवलेलं असेल. वाट बरीचशी हीच आहे. मी डॉक्टर नाही आणि पाळकही (चर्चची धर्मगुरू) नाही. जिथे त्यांचं काम आहे तिथे त्यांच्याकडेच जा, असं स्पष्ट लिहिलं आहे.

## 1. गुडघे टेकण्याआधी जिवाला धोका आहे का ते बघा

मूल मरणाची भाषा बोलतंय का? "मी नसतो तर बरं झालं असतं", "तुमच्यावर ओझं आहे माझं", असं काही? आवडीच्या वस्तू वाटून टाकतंय का? अंगावर कापल्याचे, चटक्यांचे व्रण आहेत का? यातलं काहीही असेल तर सरळ विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती मलाही होती आणि त्या भीतीत मी तीन आठवडे घालवले. तसं होत नाही. मी विचारलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला, मग "कधीकधी" म्हणाला आणि त्या वर्षात पहिल्यांदा माझ्यासमोर रडला.

उत्तर "हो" आलं तर मुलाला एकटं ठेवू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या, फिनाइल, उंदराचं औषध, ब्लेड कुलपात टाका. गावाकडे असाल तर फवारणीची औषधं घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात द्या. हे नंबर आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा:

- 14416: टेलिमानस. केंद्र सरकारने 2022 मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा. चोवीस तास, मराठीतही. आईवडीलही फोन करू शकतात. मी स्वतःसाठी दोनदा केला आहे.
- 1098: मुलांसाठीची हेल्पलाइन, अठरा वर्षांखालच्यांसाठी.
- 112: तातडीच्या वेळी.

मुलाने काही करून घेतलं असेल तर पोलीस केस होईल या भीतीने दवाखान्यात न्यायला एक मिनिटही उशीर करू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत अशी तरतूद आहे.

आणि एक गोष्ट चुकूनही करू नका. "आत्महत्या पाप आहे, सरळ नरकात जाशील" असं म्हणू नका. बुडणाऱ्याला पाण्याची खोली सांगून तो वर येत नाही. तो आणखी लपवायला लागतो, एवढंच.

## 2. पहिली प्रार्थना स्वतःसाठी करा

मी सुरुवातीचे चार महिने एकच प्रार्थना करत होते: याला बरं कर, याला पूर्वीसारखा कर. दिवसातून वीस वेळा. प्रार्थना संपली की मी त्याच्या दाराशी जाऊन बदल झाला का ते बघायचे, आणि झालेला नसायचा. मग माझा आवाज चढायचा. म्हणजे प्रार्थनेने मी शांत व्हायच्या ऐवजी अधिक चिडायला लागले होते.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आपल्या मुलाला येशूकडे घेऊन आलेला एक बाप आहे. लहानपणापासून मुलगा आगीत, पाण्यात पडतोय, शिष्यांच्याने काही झालेलं नाही, भोवती गर्दी जमून वाद घालते आहे. हा बाप येशूला म्हणतो, आमच्यावर दया करा, आम्हांला मदत करा. "आम्हांला". मी हा उतारा शेकडो वेळा वाचला असेल, पण तो शब्द मला त्या वर्षी दिसला. आणि पुढे तो म्हणतो की माझा विश्वास आहे, पण जो नाही त्यासाठी मदत करा. त्याच्या अर्ध्या विश्वासाबद्दल येशू त्याला रागावत नाही.

तेव्हा पहाटेची वेळ धरा. आमच्याकडे नळाला पाणी साडेपाचला येतं. मी पाचला उठायला लागले. पंधरा मिनिटं. लागतं फार थोडं: पवित्र शास्त्र, एक शंभर पानी वही, पेन. फोन दुसऱ्या खोलीत. वहीत तारीख घालून आधी स्वतःची अवस्था लिहा. राग असेल तर राग, लाज असेल तर लाज. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

"प्रभू, मला भीती वाटते. काल मी त्याला आळशी म्हणाले. मला त्याची लाज वाटते आणि लाज वाटते याचीही लाज वाटते. आज तो उठेल तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द चांगला निघू दे. एवढंच. आमेन."

शब्द सुचत नसतील तर स्तोत्रं उसनी घ्या. तेरावं स्तोत्र "किती काळ?" असं चार वेळा विचारत सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, तरी ते शास्त्रात आहे. तेही सुचत नसेल तर नुसतं बसा. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की आपल्याला मागता येत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हतो. काही पहाटे माझ्याकडे तेवढंच होतं.

## 3. आजच्या दिवसापुरतं, लहान मागा

"याचं आयुष्य मार्गी लाव" ही मागणी इतकी मोठी आहे की तिचं उत्तर आलं तरी ओळखू येणार नाही. मी वहीत रोज एकच लिहायला लागले. आज त्याने अंघोळ करावी. आज त्याने दोन पोळ्या खाव्यात. आज मित्राचा फोन यावा. रात्री त्याच पानावर काय झालं ते लिहायचं, झालं नसेल तर तसंही. सहा महिन्यांनी ती वही डॉक्टरांनाही उपयोगी पडली, कारण झोप, जेवण आणि वाईट दिवस यांची नोंद आपोआप झाली होती.

देवाशी सौदा करू नका. "हा बरा झाला तर मी चाळीस दिवस उपास करीन" असं मी केलं होतं, आणि तो बरा झाला नाही तेव्हा माझ्या उपासातच काहीतरी खोट होती असं वाटून मी दोन आठवडे अंथरुणाला खिळले. उपास करायचा तर करा, पण घरात आजारी मूल असताना स्वतः चक्कर येऊन पडू नका.

## 4. मुलावर प्रार्थना फेकू नका

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त चुकले, म्हणून सविस्तर लिहिते.

रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला त्याला आम्ही ओढून आणायचो. सगळे सतरंजीवर, तो सोफ्याच्या कडेला. माझी पाळी आली की मी डोळे मिटून म्हणायचे: "हे प्रभू, या लेकराला सद्बुद्धी दे. आईबापाचे कष्ट त्याला कळू दे. त्याला आळसापासून, वाईट विचारांपासून सोडव." मला खरंच वाटायचं की मी देवाशी बोलते आहे. एका रात्री मधेच दाराची कडी वाजली. डोळे उघडले तर तो उठून गेला होता. मी मागे गेले. दाराआडून म्हणाला, "मम्मी, तुला मला बोलायचं असेल तर मला बोल. देवाला मधे घालू नकोस."

मला फार लागलं. पण तो बरोबर होता. जे तोंडावर बोलायची मला हिंमत नव्हती ते मी आमेन लावून बोलत होते, आणि प्रार्थना चालू असताना उलट उत्तर देता येत नाही म्हणून तो नुसता ऐकून घेत होता. बापांनो, मुलांना चिडवू नका, ती खचतील, असं कलस्सैकरांच्या पत्रात तिसऱ्या अध्यायात आहे. ते आयांनाही लागू आहे.

तेव्हा एक नियम करा: मुलाच्या देखत केलेल्या प्रार्थनेत त्याच्याबद्दल तक्रार, उपदेश किंवा त्याच्या आजाराचं वर्णन येणार नाही. त्याचं नाव येईल ते आभार मानताना. आणि आभारही खरेच असावेत. मुलांना खोटं लगेच कळतं. आम्ही पुढे असं म्हणायला लागलो:

"प्रभू, आमच्या दोन्ही मुलांसाठी तुझे आभार. आज याने कुंडीला पाणी घातलं, त्याबद्दल आभार. आम्ही थकलोय. आम्हांला झोप दे. आमेन."

अर्धं मिनिट. प्रार्थनेला येणं त्याच्या मर्जीवर सोडलं. पहिले दोन महिने तो आला नाही. दार मात्र लावून घेत नव्हता, किलकिलं ठेवायचा. पुढे तो कधीकधी येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभा राहायचा, आणि आम्ही त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला मुलगा परत येताना वाटेत भाषण पाठ करून येतो: मी पाप केलं, मला चाकरासारखं ठेवा. बाप त्याला ते पुरतं म्हणूसुद्धा देत नाही. झगा, अंगठी, वहाणा, जेवण. बापाने स्वतः काय भाषण केलं? एकही नाही. हा उतारा आपण मुलांना वाचून दाखवतो. मला तो बापांसाठी लिहिलेला वाटतो.

## 5. आधी भाकरी, आधी झोप

पहिल्या राजांच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. एवढा मोठा संदेष्टा. देव काय करतो? झोपू देतो. मग दूत येऊन त्याला उठवतो आणि निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाण्याचा चंबू समोर ठेवतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवून खायला घालतो, कारण वाट फार लांबची आहे. बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी. याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला मरणातून उठवल्यावरही येशूने काय सांगितलं? हिला काही खायला द्या.

हे वाचून मी त्याच्या दाराबाहेर ताट ठेवायला लागले. काही बोलायचं नाही, दारावर दोन टकटक, आणि निघून यायचं. कांदेपोहे, वर थोडं जास्त खोबरं, त्याला आवडतं तसं. पहिल्या दिवशी ताट तसंच राहिलं, पोह्यांना वरून कोरडा पापुद्रा आला. तिसऱ्या दिवशी अर्धं खाल्लेलं. नवव्या दिवशी ताट धुऊन ओट्यावर पालथं घातलेलं होतं. मी त्या ओट्याशी उभी राहून प्रभूचे आभार मानले, तसे मी त्याच्या दहावीच्या निकालालाही मानले नव्हते.

झोपेचं तसंच. दिवसा झोपतो म्हणून ओरडण्याऐवजी संध्याकाळी त्याचे पप्पा त्याला स्कूटरवरून एक चक्कर मारायला न्यायला लागले. बोलायची सक्ती नाही. उजेड, वारा, वीस मिनिटं.

## 6. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे

दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास, चिडकं, झोप-जेवण बिघडलेलं, अभ्यासातून आणि मित्रांमधून उठलेलं असेल, तर थांबू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, असं पौल लिहितो. आपण मधुमेहाची गोळी प्रार्थना करून घेतोच ना?

कुणाकडे जायचं यात गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, औषध देऊ शकतात. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, औषध देत नाहीत. आम्हांला दोन्ही लागले. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. सरकारी दवाखान्यांत 10 ते 19 वयोगटासाठी मैत्री क्लिनिक चालतात. तिथेही सुरुवात करता येते. व्यसन असेल तर वेगळी मदत लागते. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र हे काम करत आहे, आणि तिथे घरच्यांनाही सोबत घेतात.

पहिल्या भेटीला हे न्या:

- मुलाचं आणि तुमचं आधार कार्ड, आधीचे केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट
- सध्या चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिक धरून
- तुमची वही, किंवा निदान गेल्या दोन आठवड्यांची झोप-जेवणाची नोंद
- नात्यात कुणाला नैराश्य, फिट्स, व्यसन होतं का याची माहिती. खरी. आमच्या सासरी एका काकांबद्दल कुणी बोलत नसे. ते डॉक्टरांना सांगणं फार महत्त्वाचं ठरलं.
- प्रश्न लिहिलेला कागद, कारण आत गेल्यावर सगळं विसरतं

मुलाला तिथे एकट्याने बोलू द्या. बाहेर आल्यावर "काय विचारलं? आमच्याबद्दल काय सांगितलंस?" असं करू नका. जिवाला धोका असेल ते डॉक्टर तुम्हांला सांगतील. पहिला समुपदेशक जुळला नाही तर दुसरा बघा. आमचा पहिला अनुभव वाईट होता: त्या बाईंनी पंधरा मिनिटांत "जरा पॉझिटिव्ह राहायचं" सांगून आम्हांला बाहेर पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी जमलं.

नैराश्याच्या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या आठवड्यांत तरुण मुलांवर जास्त बारीक लक्ष ठेवावं लागतं. बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरांना कळवा. आणि बरं वाटायला लागलं म्हणून मनानेच गोळ्या बंद करू नका.

आता सापळा. कुणीतरी तुम्हांला सांगेलच की हा दुष्टात्म्याचा त्रास आहे, अमुक सभेला घेऊन या, हात ठेवून प्रार्थना करतील, गोळ्या फेकून द्या. मार्कचा तोच नववा अध्याय दाखवतील, कारण तिथे येशू त्या मुलातला दुष्टात्मा काढतो. आमच्याकडे एका नातेवाइकांनी हे केलं. माझा मुलगा तीनशे लोकांसमोर उभा, त्याच्या कपाळावर परक्या माणसाचा हात, आणि माइकवरून त्याचं नाव. त्या रात्री त्याने पुन्हा हात कापला. आजाऱ्यांसाठी प्रार्थना जरूर करवून घ्या, याकोबाच्या पत्रात तसं सांगितलंच आहे. पण ती मुलाच्या इच्छेने, ओळखीच्या माणसांत, बंद दाराआड. आणि जो गोळ्या बंद करा म्हणतो त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.

मुलाशी कुणी, अगदी चर्चमधल्याने किंवा नात्यातल्याने, लैंगिक गैरप्रकार केल्याचं समोर आलं तर ते मंडळीत "आपसात मिटवू" म्हणून दाबू नका. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 वर फोन केला तर पुढची वाट सांगतात.

## 7. मंडळीत कुणाला, किती सांगायचं

मी पहिल्याच महिन्यात महिला मंडळाच्या प्रार्थना सभेत रडत सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मंडपात चहा घेताना एक मावशी माझ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अरे, असं हातबित कापू नको बाबा, आईकडे बघ जरा." चार मुलं शेजारी उभी होती. त्यांच्या मनात प्रेमच होतं. पण त्यानंतर तो चौदा महिने चर्चच्या आवारात आला नाही, आणि तो दोष माझा आहे. ती गोष्ट माझी नव्हती, त्याची होती.

बारा वर्षांचा येशू हरवला, तीन दिवस शोधल्यावर मंदिरात सापडला, तेव्हा त्याचं बोलणं आईबापांना समजलं नाही, असं लूक लिहितो. मग मरियेने काय केलं? सगळं मनात जपून ठेवलं. वेशीवर जाऊन सांगितलं नाही.

म्हणून: दोन, फार तर तीन माणसं निवडा. ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशी. त्यांना सगळं सांगा, कारण एकट्याने हे ओझं झेपत नाही. माझी एक मैत्रीण रोज रात्री साडेनऊला तिच्या घरी त्याचं नाव घ्यायची आणि मला फोनवर फक्त "झालं" एवढा शब्द पाठवायची. दोन वर्षं. बाकी मंडळीला एकच वाक्य: "घरी थोडी अडचण आहे, आमच्या कुटुंबासाठी प्रार्थना करा." व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रार्थना ग्रुपवर मुलाचं नाव, फोटो, आजार काहीही टाकू नका. तीन जणांना सांगण्याआधीही मुलाला विचारा: "मी अमुक मावशीला सांगितलं तर चालेल का?" तो नाही म्हणाला तर दुसरं माणूस शोधा.

पाळकसाहेबांना सांगावं का? सांगा, पण आधी स्पष्ट बोला की हे उपदेशात उदाहरण म्हणून यायला नको, नाव न घेतासुद्धा. आमच्या पाळकांनी ते पाळलं. ते घरी आले, मुलाला काही विचारलं नाही, त्याच्या गिटारची तुटलेली तार बघून म्हणाले, "उद्या मी लक्ष्मी रोडला जातोय, कुठली तार आणू?" बस. माझ्या दृष्टीने त्या वर्षीचा सगळ्यांत मोठा उपदेश तोच.

## 8. नवरा-बायको आणि दुसरं मूल

थोडक्यात सांगते. "तू लाडावून ठेवलंस" आणि "तुम्ही कधी घरी असता?" ही दोन वाक्यं आमच्याकडे वर्षभर भांड्यांसारखी आदळत होती. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलाबद्दल अजिबात न बोलता दोघांनी बाहेर जा. एकमेकांचा हात धरून एक वाक्याची प्रार्थना करा, जमली नाही तर नुसता हात धरा.

आणि दुसऱ्या मुलाला विसरू नका. आमची धाकटी तेव्हा सहावीत. एकदा तिने मला विचारलं, "मला ताप आला तर तू माझ्याजवळ बसशील का?" वहीत तिच्यासाठीही रोज एक ओळ ठेवा.

## 9. शाळा-कॉलेजचं वर्ष

वर्ष गेलं म्हणजे आयुष्य गेलं, असं आपल्याकडे वाटतं. तसं नाही. डॉक्टरांचं पत्र घेऊन वर्गशिक्षकांना आणि प्राचार्यांना आधीच भेटा. हजेरी कमी पडल्यावर मार्चमध्ये धावपळ करण्यापेक्षा ते सोपं. राज्य मंडळाची दहावी-बारावीची पुरवणी परीक्षा असते, 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही दहावी-बारावी करता येते. आमच्याने एक वर्ष सोडलं आणि मग 17 नंबरचा फॉर्म भरून बारावी दिली. नातेवाइकांना उत्तर तयार ठेवा: "यंदा तब्येतीमुळे ब्रेक घेतलाय." मुलासमोर हेच सांगा, म्हणजे त्यालाही तेच सांगता येतं.

## 10. "मी देव मानत नाही" असं तो म्हणाला तर

म्हणेल. आमच्याने दृढीकरणाच्या (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गाला जायचं नाकारलं आणि एका रात्री हे वाक्य बोलला. मला वाटलं पायाखालची जमीन गेली. मी पाळकसाहेबांना फोन करून याच्याशी वाद घाला म्हणणार होते.

मग मला मोनिका आठवली. कॅथलिक मंडळी 27 ऑगस्टला तिचा सण पाळतात. आम्ही प्रोटेस्टंट तिला फारसं ओळखत नाही. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत राहणारी आई. तिचा मुलगा ऑगस्टिन, जन्म 354 चा, हुशार, पण आईचा विश्वास सोडून दुसऱ्याच पंथात गेलेला. ती एका बिशपकडे गेली आणि माझ्या मुलाशी वाद घाला म्हणून विनवू लागली. बिशपनी नकार दिला. तो आत्ता ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू द्या, नुसती प्रार्थना करा, असं सांगितलं. ती ऐकेना, रडतच राहिली, तेव्हा ते जरा वैतागूनच म्हणाले की एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणार नाही. ऑगस्टिनचा बाप्तिस्मा 387 मध्ये मिलानला झाला. त्याच वर्षी मोनिका वारली. म्हणजे तिने किती वर्षं वाट पाहिली आणि किती थोडे दिवस फळ पाहिलं, ते मोजा.

मी फोन केला नाही. मुलाला म्हणाले, "बरं. तू मानत नसलास तरी मी तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" खांदे उडवून म्हणाला, "कर की." ती परवानगी मी आजही वापरते.

त्याच्या प्रश्नांना घाबरू नका. "देव आहे तर मला असं का वाटतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "मला माहीत नाही, मीही त्याला हेच विचारते," असं सांगितलं. तो जरा वेळ माझ्या शेजारी बसला.

## 11. पुन्हा घसरण होईल, त्याची तयारी

बरं वाटायला लागल्यावर सात-आठ महिन्यांनी आमच्याकडे पुन्हा तेच झालं: दार बंद, फुल बाह्या. मला वाटलं सगळी प्रार्थना वाया गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, आणि या वेळी तुम्ही तीन दिवसांत आलात, मागच्या वेळी पाच महिन्यांनी आला होतात.

चांगल्या दिवसांत मुलाबरोबर बसून एक कागद लिहून घ्या: वाईट वाटायला लागलं की पहिली खूण कोणती, तेव्हा कुणाला सांगायचं, काय केलेलं चालेल, काय चालणार नाही. आमच्या कागदावर त्याच्या अक्षरात लिहिलंय, "मम्मीने दाराबाहेर रडू नये. आत येऊन रडावं." तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, 14416 च्या खाली.

तो आता एकोणीस वर्षांचा आहे. गोळी अजून चालू आहे, कमी झालेली. उपासनेला येत नाही. रविवारी सकाळी मात्र स्कूटर काढून मला चर्चच्या फाटकापर्यंत सोडतो, "किती वाजता येऊ?" विचारतो, आणि दहा मिनिटं आधीच येऊन समोरच्या झाडाखाली उभा राहतो. शेवटचं गीत त्याला तिथून ऐकू जातं. मी आतून त्याच्याकडे वळून बघत नाही.